मार्थाबाईंचा बंब

बेडपॅन हा काही चारचौघांत काढायचा विषय नव्हे. पण मार्थाबाई साळव्यांबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण त्यांची नि माझी ओळख त्या भांड्यावरून झाली.

गिरगावातल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात मी नर्स म्हणून नुकती लागले होते. लालबागच्या चाळीतली मी, गिरणीकामगाराची मुलगी. नर्सिंग म्हणजे ख्रिश्चन बायांचं काम, असं म्हणत अर्ध्या चाळीने माझ्या आईशी बोलणं टाकलं होतं. पहिल्याच सकाळी एका बाळंतिणीने भांडं मागितलं. मी फळीवरून बेडपॅन उचलला, पुसला आणि निघाले. वॉर्डाच्या दारात एका हाताने तो अडवला.

"सावंत ना तू? हात लाव बघू याला."

"लावलाय की, बाई."

"कसा लागतो?"

"स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे का ते नाही विचारलं. कसा लागतो?"

"गार."

त्यांनी तो माझ्या उघड्या दंडाला टेकवला. डिसेंबरचा महिना, इनॅमलचं भांडं. मी उडालेच.

"तुला टाके नाहीत, तरी उडालीस," त्या म्हणाल्या. मग मला मागच्या चौकात नेलं. तिथे तांब्याचा एक भलाथोरला बंब धगधगत होता. त्यातलं कढत पाणी त्यांनी भांड्यात घेतलं, फिरवलं, फेकलं, भांडं कोरडं पुसलं आणि हाताची पालथी बाजू लावून पाहिली. "आता जा. पळू नकोस, एवढ्यात गार होत नाही."

मार्थाबाई आमच्या वॉर्डाच्या मुख्य नर्स. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. पांढरं पातळ, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, मोकळं कपाळ. हात कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्याने सोलवटलेले. रविवारी त्यांना खोबरेल लावायच्या आणि सोमवारी ते पुन्हा तसेच. गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीकसा क्रूस होता. ड्यूटीवर तो पोलक्याच्या आत असे. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे मराठी अगदी लख्ख बोलायच्या. रागावल्या की मात्र नगर बाहेर पडायचं. "लई शहाणी हाईस," म्हणाल्या की समजावं, आज आपली धडगत नाही.

त्या गोड नव्हत्या. हे आधीच सांगते, कारण गेलेल्या माणसाला साखरेत घोळवायची आपल्याकडे रीत आहे. मी घातलेली चादर माझ्यादेखत काढून त्या पुन्हा घालायच्या. नवीन मुली बाथरूममध्ये जाऊन रडायच्या. लोक ज्याला बाईंचा नम्रपणा म्हणत, तो मला कधी पटला नाही. अत्यंत गर्विष्ठ बाई. फक्त त्यांचा गर्व कामात होता, बोलण्यात नव्हता, म्हणून तो लोकांना दिसायचा नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "या खाटेवर येशू निजायला येणार आहे असं समज आणि चादर घाल."

एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, हे प्रसूतिगृह आहे. येशू कशाला येईल इथे?"

"त्याची आई येईल," बाई चादरीचा कोपरा मुडपत म्हणाल्या. "तिला तेव्हा बाळंतपणाला कुठं जागा मिळाली नव्हती."

मी चादर घातली.

आता त्या बंबाविषयी. बंब पेटवणं हे गंगूबाई आयाचं काम. गंगूबाई सावकाश यायची, पान लावायची, मग कोळसे शोधायची. पाणी तापेपर्यंत निम्म्या बाळंतिणींचं सगळं गार पाण्यावर उरकलेलं असायचं. मार्थाबाई राहायच्या रे रोडला, लाकडाच्या वखारींमागे, विधवा बहिणीबरोबर. वखारीतल्या ढलप्या पिशवीत भरून त्या पहाटे निघायच्या आणि स्वतः बंब पेटवायच्या. असं कित्येक वर्षं चाललेलं. मी गंगूबाईला एकदा टोकलं, तर ती तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाली, "बाई करतत, मगे मी कित्याक करू? दोघांनी पेटवलो म्हणान बंब लवकर तापतलो काय?"

तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. सगळं प्रसूतिगृहच गंगूबाई झालं होतं. लेबर रूमच्या कोपऱ्यातली फरशी झाडूवालीने सोडली की बाई घासायच्या. डॉक्टर उशिरा आले की बाई सांभाळून घ्यायच्या. गणपती, दिवाळी, संक्रांत, मंगळागौर, कुणालाही सुटी हवी असली की "बाई आहेत की." आणि बाई असायच्याच. सणाच्या दिवशी आम्ही ठेवणीतली लुगडी नेसून घरी, आणि बाई वॉर्डात.

एका नाताळाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सकाळची सुटी मागितली. पूर्ण दिवस नव्हे, चर्चमधली भक्ती आटपेपर्यंत. आमच्यातली प्रधान नावाची नर्स त्यांच्या जागी येणार होती. प्रधान आली तेव्हा चर्चची घंटा होऊन, गाणी होऊन, लोक घरी जायला लागले असतील. वॉर्डात एक पहिलटकरीण अडलेली, तिला सोडून बाई गेल्या नव्हत्या.

"उशीर झाला हो," प्रधान पिशवी टांगत म्हणाली. "पण तुमचं चर्च काय, दर रविवारी असतंच की."

बाईंनी तिला पेशंटची माहिती दिली, सगळी, नीट, एकही गोष्ट न गाळता. मग मागे जाऊन त्यांनी बंबात कोळसे घातले. त्या सकाळी त्यांनी नवं पातळ नेसलं होतं. आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी गंगूबाईने "बाय, ह्या काय नवीन?" म्हणून पदर चाचपला, तेव्हा कळलं.

त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा एका पेशंटला भेटायला आले होते. बायबलात मार्था नावाची एक बाई आहे म्हणे. येशू घरी आला, बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि ही स्वयंपाकघरात राबत राहिली. त्यावरून पाळकसाहेबांनी थट्टा केली, "आमची मार्था ती मार्थाच. प्रभू दारात आला तरी ही चुलीपाशी."

"प्रभू जेवून जाणार होता ना?" बाई म्हणाल्या. "मग चुलीपाशी कुणीतरी हवंच होतं."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावात रोज सभा, रोज मोर्चा, भिंतीवर रिकामी जागा म्हणून नाही. गोळीबार झाला त्या दिवसांत तर खिडक्या लावून बसावं लागे. असाच एक कडकडीत हरताळ होता. बस बंद, दुकानं बंद. मी नर्सेसच्या खोलीत मुक्कामाला होते, गॅलरीत उभी होते. फणसवाडीच्या बाजूने मार्थाबाई एकट्या चालत येताना दिसल्या, हातात ढलप्यांची पिशवी. आमच्या फाटकासमोरच पाचसहा पोरांनी त्यांना अडवलं. मोकळं कपाळ, पांढरं पातळ. पोरांनी काय ओळखायचं ते ओळखलं.

"ओ मॅडम, आज सगळं बंद हाय. किधर?"

"कामाला."

"आज काम नाय. आधी बोला, मुंबई कुणाची?"

"आत्ता या घटकेला वरच्या बाळंतिणींची. सरक बाजूला."

पोरं चमकली. एक म्हणाला, "आयला, मावशी मराठी हाय रे!"

"मग काय लॅटिन बोलू तुझ्याशी? नगरची हाय मी. तुझा आजा बोलायला शिकला नव्हता तवापासनं माझा आजा मराठी बोलतोय."

पोरं खदखदून हसली. एकाने पिशवी घेतली, दुसऱ्याने फाटक उघडलं, आणि "मावशीचा विजय असो" अशी एक घोषणाही झाली. बाई वर आल्या त्या तोंड घट्ट मिटून. त्या दिवशी एकही आया आली नाही. त्यांनी बंब पेटवला, मी भांडी धुतली. बऱ्याच वेळाने, मी काही विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "मराठी म्हणून पोचती केली गं मला त्यांनी." आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी आलं. मला वाटतं, तिथेच घोटाळा झाला.

त्याच सुमारास आमच्या मेट्रन, एक म्हाताऱ्या पारशी बाई, निवृत्त व्हायच्या होत्या. ट्रस्टी त्यांच्या जागी बाहेरच्या प्रांतातली कुणी आणणार, अशी कुजबुज सुरू झाली. आमच्या नर्सेस उसळल्या. सगळ्या मिळून सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी पेशाने वकील. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. प्रधान पुढे झाली आणि म्हणाली, "मेट्रन मराठीच हवी." हवाच तशी होती. भाऊसाहेबांनी लगेच मान डोलावली. "मान्य." आम्ही टाळ्या वाजवल्या. मार्थाबाई सर्वांच्या मागे, दारापाशी उभ्या होत्या.

आता, त्या सर्वांत जुन्या. काम त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. आणि मराठी. मग मेट्रन कोण होणार? त्यांनी जो हिशेब मांडला तोच मीही मांडला होता. त्यांचं नाव कुणीच घेतलं नव्हतं, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

पुढचे काही आठवडे बाई बोलक्या झाल्या. मेट्रन झाल्यावर काय काय करायचं, ते मला बंबापाशी बसून सांगायच्या. बंबासाठी पगारी माणूस ठेवायचा. वरच्या मजल्यावर दुसरा बंब. आणि गरम केल्याशिवाय बेडपॅन द्यायचा नाही, असा नियमच करून टाकायचा.

"त्याला नियम कशाला?" मी विचारलं.

"आज मी आहे म्हणून मिळतं. नियम झाला की मी मेले तरी मिळेल." मग फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "सावंत, मला हे हवंय बघ. इतकी वर्षं काही मागितलं नाही, पण हे हवंय."

नेमणूक झाली ती कुमुदताईंची. दुसऱ्या इस्पितळातून आणल्या. मार्थाबाईंपेक्षा वयाने कितीतरी लहान. सभ्य, हुशार मुलगी. तिचा काही दोष नव्हता. भाऊसाहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं. मी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला गेले होते, ती तिथेच अडकले.

"मार्थाबाई, तुम्ही म्हणजे या संस्थेचा पाया," भाऊसाहेब म्हणाले. "आणि पाया काही कुणी उचलून कळसावर ठेवत नाही. तुम्ही वर बसलात तर वॉर्ड कुणी बघायचा? शिवाय तुमच्या धर्मातच सेवा आहे. तुम्हाला पदाची कसली हौस?"

"आहे, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "हौस आहे."

भाऊसाहेब हसले. त्यांना विनोद वाटला. मग बाई हसत नाहीत हे पाहून चष्मा पुसायला लागले.

"मराठी मेट्रन पाहिजे असं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "मी कोण आहे?"

"अहो, तसं नव्हे! तुम्ही आमच्याच. पण मेट्रन म्हणजे घरची यजमानीण. ट्रस्टींच्या घरच्या बायका येणार, चैत्रातलं हळदीकुंकू, सत्यनारायण... तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. तुमचाच विचार केला हो आम्ही."

पँट्रीत प्रधान मला म्हणाली, "मराठी म्हणजे आपल्यातली गं. एवढं समजू नये का बाईंना?" तिच्या डोक्यावरच्या फळीवर आमचे कप ओळीने ठेवलेले होते, आणि एका टोकाला, थोडा लांब, निळ्या काठाचा मार्थाबाईंचा कप. तो वेगळा ठेवा असं त्यांना कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी तो स्वतःच तिथे ठेवला म्हणे. नगरजवळच्या त्यांच्या गावात आजोबांचं घर कोणत्या टोकाला होतं, हे प्रसूतिगृहात कुणी विचारलं नव्हतं, आणि माहीत सगळ्यांना होतं.

मला वाटलं, आता तरी बाई हात आखडतील. निदान दिवाळीला सुटी मागतील. त्यांनी कुमुदताईंना हाताशी धरलं आणि सगळं शिकवलं. कोणत्या डॉक्टरला केव्हा बोलवायचं, कोणत्या सुया बोथट झाल्या आहेत, कुठल्या ट्रस्टीच्या बायकोला साखर चालत नाही. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ताई, एक नियम तेवढा करा. बेडपॅन गरम करून द्यायचा."

"नियम कशाला, बाई?" कुमुदताई मनापासून म्हणाल्या. "तुम्ही आहातच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर उठून मागच्या चौकात गेले. बाई बंबाशी बसलेल्या.

"आता गंगूबाईला पेटवू द्या," मी म्हटलं. "उशीर होऊ दे. बाळंतिणी बोंबलतील, भाऊसाहेबांपर्यंत जाईल, मग झक मारत माणूस ठेवतील. तुम्ही पेटवता म्हणून तर कुणी ठेवत नाही."

"म्हणजे भाऊसाहेबाला शिकवायला बाळंतिणीला गार भांडं द्यायचं?"

"हो."

"तू दे. मला नाही व्हायचं ते."

"कुणासाठी करता, बाई? त्यांना कळतं तरी का?"

"त्यांच्यासाठी करत असते तर कालच सोडलं असतं." त्यांनी फुंकणी तोंडाला लावली, पण फुंकलं नाही. "मी प्रार्थनेत त्याला विचारते रोज. तू सगळं बघतोस, मग बोलत का नाहीस?"

"काय म्हणाला?"

"काही नाही. कामात असेल."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. मग त्यांनी फुंकर मारली आणि धूर आम्हा दोघींच्या डोळ्यांत गेला.

त्यांचं बरोबर होतं की माझं, हे मला आजही सांगता येत नाही. एक मात्र सांगते. चांगलं काम करणाऱ्याला देव बघतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण माणसं जरूर बघतात, आणि बघून निर्धास्त होतात. बाईंना हे कळत नव्हतं असंही नाही. कळून त्या पेटवत राहिल्या. मला त्याचाच जास्त राग यायचा.

राज्य झालं त्या दिवशी प्रसूतिगृहाला तोरणं लागली. चौकात भाऊसाहेबांचं भाषण झालं: आपलं राज्य, आपली माणसं, आपली भाषा. कुमुदताईंच्या हस्ते पेढे वाटले. वॉर्ड कुणीतरी बघायलाच हवा होता, तो बाई बघत होत्या. मी पेढा घेऊन वर गेले. त्यांनी तो उभ्याउभ्या खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "झालं हो एकदाचं राज्य आपलं." त्यांना खरोखर आनंद झाला होता. तो पेढा मला कडू लागला, त्यांना नाही.

पुढे मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात लागले. बाई निवृत्त झाल्याचं गंगूबाईकडून कळलं. शाल दिली, नारळ दिला, भाऊसाहेबांनी "सेवामूर्ती" म्हटलं. दुसऱ्या दिवशी बंब कुणी पेटवायचा यावरून भांडण झालं. मग विजेवरचा बंब आणला, तो आठवड्याभरात बिघडला. "आता थंडगारच देतंव," गंगूबाई म्हणाली. "कोण काय बोलणा नाय. सवय झाली सगळ्यांका."

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते आमच्याच इस्पितळात. खुब्याचं हाड मोडून त्या जनरल वॉर्डात पडल्या होत्या. मी तेव्हा दुसऱ्या वॉर्डाची सिस्टर झाले होते. वेळ काढून गेले. त्या फार वाळल्या होत्या. क्रूस पोलक्यावर आला होता, आत सारायला कुणी नव्हतं. चादरीचे कोपरे लोंबत होते. मी एक कोपरा मुडपला, त्यांनी तिकडे पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे ठीक झाला असावा.

तेवढ्यात एक तरुण नर्स आली, बेडपॅन त्यांच्या अंगाखाली सरकवला आणि पलीकडच्या खाटेकडे वळली. बाईंचं सगळं अंग आक्रसलं. मोडलेल्या खुब्यातून कळ गेली असणार; ओठ दाताखाली धरला. मग त्या मुलीच्या पाठीला उद्देशून, अगदी व्यवस्थित, म्हणाल्या, "थँक्यू, बाळ."

मी त्यांना अलगद उचलून भांडं काढून घेतलं. वॉर्डातल्या नळाला गरम पाणी नव्हतं. जिना उतरून स्वयंपाकघरात गेले, चहाच्या पातेल्यासाठी उकळत ठेवलेलं पाणी मागून घेतलं, भांड्यात ओतलं, फिरवलं, फेकलं, पुसलं. वर येताना ती मुलगी दुसरीला म्हणताना ऐकू आलं, "कोण एवढी लागून गेलीय गं ती म्हातारी?"

भांडं मी बाईंपुढे धरलं. त्यांनी सोलवटलेल्या हाताची पालथी बाजू त्याला लावली, थोडा वेळ तशीच ठेवली.

"जिन्यात वेळ गेला तुझा," त्या म्हणाल्या. "कोमट झालंय, सावंत."

मी भांडं घेऊन पुन्हा खाली गेले.